डिझेल गाडीचं ऑइल बघताना आणि घालताना

महिन्यातून एकदा आणि लांब निघण्याआधी इंजिन ऑइल स्वतः बघत जा. त्यासाठी आमच्या गॅरेजमध्ये यायची गरज नाही. लागते ती सपाट जागा, आणि साताऱ्यात नेमकी तीच लवकर मिळत नाही. यवतेश्वरच्या चढावर किंवा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला उतारावर लावलेल्या गाडीत ऑइल एका अंगाला जातं आणि ऑइल मोजायची पट्टी (डिपस्टिक) भलतंच दाखवते.

गाडी चालवून आला असाल तर इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल चेंबरमध्ये उतरतं. पट्टी काढून धागे न सुटणाऱ्या फडक्यानं पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि मग बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असेल तर डबा उघडूच नका.

खालच्या खुणेला टेकलं असेल तर थोडंच घाला, पावशेर-पावलिटर करत. बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरच मावतं. "थोडं जास्त असलेलं बरं" हे डिझेल इंजिनाला अजिबात लागू नाही. जादा ऑइलला क्रँक (इंजिनाच्या तळाचा फिरता दांडा) घुसळतो, फेस होतो, ऑइलचं प्रेशर पडतं. तेच ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) हवेच्या वाटेनं इंजिनात शिरलं तर चावी बंद केली तरी इंजिन त्याच ऑइलवर पळत राहू शकतं. जास्त पडलं असेल तर गाडी चालू न करता आम्हाला सांगा, काढून देतो.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना बहुतेक ठिकाणी डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. त्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, कारण राख जळत नाही, फिल्टरमध्ये साठते. डब्यावर नुसता '५डब्ल्यू-३०' हा ऑइलच्या जाडीचा आकडा जुळून भागत नाही. मॅन्युअलमध्ये 'एसीईए सी२' किंवा 'सी३' असा ऑइलच्या दर्जाचा जो कोड असेल तोही जुळवा.

गाडी गावातल्या गावात, राजवाडा ते पोवई नाका एवढीच फिरत असेल तर डीपीएफची सफाई, म्हणजे काजळी जाळणं, अर्धवट राहते आणि त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. न घालता पातळी वाढली, वास डिझेलचा आला, तर ऑइल बदलायलाच आणा.

काळ्या रंगाची काळजी नको, डिझेलचं ऑइल काजळीनं लगेच काळं होतं. दुधाळ दिसलं तर मात्र कूलंट मिसळलं असण्याची शक्यता मोठी; गाडी चालू करू नका.

ऑइलचा लाल दिवा लागला तर खंबाटकी घाटात असाल तरी कडेला घेऊन इंजिन बंद करा. "पुढच्या पंपापर्यंत नेतो" म्हणू नका. फोन करा, गाडी टो करून आणू.