ऑप्शन फॉर्म भरायला येण्याआधी एवढं वाचून या
(अभियांत्रिकी प्रवेशासाठी आमच्याकडे येणाऱ्या पालकांसाठी, सांगली कार्यालय)

सीईटीचा निकाल लागला की आमचा फोन दिवसभर वाजतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, एवढ्या पर्सेंटाइलला काय मिळेल?" आणि आम्ही अंदाज सांगितला की लगेच दुसरा, "मग तेच पहिल्या नंबरला टाकायचं ना?" ऑप्शन फॉर्म म्हणजे हव्या त्या कॉलेज-शाखांची पसंतीच्या क्रमाने भरलेली यादी, आणि हे पत्रक त्या दुसऱ्या प्रश्नासाठी छापलंय.

नाही, तेच टाकायचं नाही.

जागावाटप मेरिट क्रमांकाने होतं. तुमच्या मुलीचा नंबर आला की संगणक तिची यादी वरून खाली वाचत जातो. पहिल्या पर्यायात जागा नसेल तर दुसरा बघतो, तिथंही नसेल तर तिसरा. वरचे दहा हुकून अकराव्यावर आली म्हणून तिला कुणी मागे ढकलत नाही. तिच्या खालच्या क्रमांकाच्या मुलाने तेच कॉलेज अगदी पहिल्या नंबरला टाकलेलं असलं, तरी त्याच प्रवर्गात हक्क आधी तिचाच. त्यामुळे वर "जरा मोठं" कॉलेज टाकल्याने खालचं हातचं जात नाही. पर्याय 300 पर्यंत भरता येतात. तिथं काटकसर करून काही वाचत नाही.

उलट, भरवशाचं कॉलेज वर टाकलं तर मात्र नुकसान होतं. 2025-26 मध्ये जागावाटपाच्या फेऱ्या तीनच्या चार झाल्या आणि ऑटो-फ्रीजचे, म्हणजे मिळालेली जागा आपोआप पक्की होण्याचे, नियम कडक झाले. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो आपोआप फ्रीज. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी काहीही मिळालं तरी फ्रीज, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. फ्रीज झालं की प्रवेश घ्या, नाहीतर पुढच्या फेऱ्या विसरा. तिथं बेटरमेंटचं, म्हणजे पुढच्या फेरीत वरचा पर्याय मागायचं, बटण नसतं. नियमांत दरवर्षी काही ना काही बदलतं, म्हणून यंदाची माहितीपुस्तिका आल्यावर आम्ही हे आकडे पुन्हा तपासून घेतो. तुम्हीही बघा.

तासगावकडचे एक वडील निकालानंतर आमच्याकडे आले होते. मुलाला पुण्यात कॉम्प्युटर करायचं होतं. फॉर्म भरताना वडिलांनी जवळच्या कॉलेजची मेकॅनिकल पहिल्या नंबरला ठेवली, "एकदा पदरात पडू दे, मग बघू" म्हणून. ती पहिल्याच फेरीत पडली आणि फ्रीज झाली. त्याच फेरीची कटऑफ यादी (कुठं शेवटची जागा कोणत्या क्रमांकाला गेली ती) उघडली, तर मुलाला हवं होतं ते कॉलेज त्याच्याही खालच्या क्रमांकावर बंद झालेलं. मुलगा काही बोलला नाही. आमच्याकडेही त्यावर इलाज नव्हता, आणि त्या बैठकीची फी आम्ही घेतली नाही.

म्हणजे भरवशाची कॉलेजं हवीतच, फक्त ती खाली. आणि जिथं मूल जाणारच नाही असं कॉलेज यादीत कुठंच नको, वरच्या सहांत तर नकोच नको.

आता कटऑफबद्दल. गेल्या वर्षीची यादी आम्हीही समोर ठेवतो, पण पर्सेंटाइलपेक्षा मेरिट क्रमांक बघा आणि पहिल्या फेरीचा आकडा शेवटच्या फेरीच्या आकड्याशी लावू नका. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) शाखेच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा काढल्यापासून काही कॉलेजांत कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या. तिथं जुना कटऑफ म्हणजे जुना बाजारभाव.

कटऑफच्या यादीत 'जीओपनएच' अशी अक्षरं दिसतात. शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तरीय जागा. सुरुवातीचा एल असेल तर ती मुलींची जागा. आपल्या भागात यातला एच फार घोटाळा करतो. होम युनिव्हर्सिटी घराच्या पत्त्यावरून ठरत नाही, बारावी कुठून पास झालात त्यावरून ठरते. मूल मिरजेचं, पण अकरावी-बारावी लातूरला केली असेल, तर त्याचं होम विद्यापीठ नांदेडचं, शिवाजी नव्हे. अशा घरातले लोक सांगलीच्या एच जागांचे कटऑफ पाहून खुशीत येतात आणि आम्हाला त्यांचा मूड घालवावा लागतो.

टीएफडब्ल्यूएसचा, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागांचा, कोड वेगळा असतो. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर तो पर्याय वेगळा भरावा लागतो. नेहमीचा कोड टाकला की आपोआप मिळतो असा समज आहे, तो चूक आहे.

कॉलेज निवडताना माहितीपुस्तकातलं सर्वांत मोठं पॅकेज पाहू नका, ते एकाच पोराचं असतं. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी कॉलेजने भरलेल्या माहितीत मध्यक पगार (निम्म्या पोरांना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी) असतो, तो बघा. नॅकचं मानांकन पूर्ण कॉलेजला मिळतं, एनबीएचं मात्र शाखेला, तेव्हा आपल्या शाखेला आहे का ते विचारा. मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर सापडते. वसतिगृह आणि मेसचा खर्च तिथल्या एखाद्या विद्यार्थ्यालाच विचारलेला बरा.

आमच्या पद्धतीवर काहीजण नाराज असतात, म्हणून तेही सांगतो. आम्ही पासवर्ड आणि ओटीपी घेत नाही. फॉर्म तुम्हीच भरायचा, आम्ही शेजारी बसतो. कोणत्याही कॉलेजकडून आम्हाला पैसे येत नाहीत, म्हणूनच तुमच्याकडून फी घेतो. मुलाशी पंधरा मिनिटं एकट्याने बोलतो. काही आईवडिलांना ते आवडत नाही, पण "मला कॉम्प्युटर नको, सिव्हिल हवंय" हे वाक्य आम्ही बहुतेक वेळा त्या पंधरा मिनिटांतच ऐकलंय.

बैठका दोन होतात. पहिली तात्पुरती गुणवत्ता यादी लागायच्या आधी, त्यात पंचवीस-तीस कॉलेजं ठरतात. दुसरी अंतिम यादी आणि जागांचा तक्ता आल्यावर, तेव्हा क्रम लागतो. दोन्हींच्या मध्ये यादी घरी न्या, जेवताना वाद घाला. दुसऱ्या, तिसऱ्या फेरीआधी क्रम पुन्हा तपासून देतो, त्याची वेगळी फी नाही.

येताना सीईटीचं गुणपत्रक, बारावीचं गुणपत्रक, डोमिसाइल आणि लागू असेल तर जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला आणा. मोबाइलमधला फोटो चालेल. मूल सोबत हवंच. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी नवीन कुटुंब घेत नाही. त्या दिवशी साइट संथ असते आणि आमच्या आधीच्या लोकांचे फॉर्म कन्फर्म करण्यात दिवस जातो.