रजिस्टर्ड व्होटर आणि लाइकली व्होटर: अमेरिकेतले पोल वाचताना दर वेळी होणारा घोळ

अमेरिकेत निवडणूक आली की दर वेळी हेच होतं. ऑगस्टमध्ये एखाद्या राज्याचा पोल येतो, अमुक उमेदवार 4 टक्क्यांनी पुढे. सप्टेंबर संपता संपता त्याच संस्थेचा पुढचा पोल येतो, आता तो 1 टक्क्याने मागे. लगेच "आघाडी घसरली" म्हणून बातम्या, मग डिबेटमध्ये काय चुकलं, कुठला वर्ग नाराज झाला याची कारणं शोधणं सुरू. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की पहिला आकडा रजिस्टर्ड व्होटर्सचा आहे आणि दुसरा लाइकली व्होटर्सचा, ते कुणी वाचतच नाही. बऱ्याच संस्था सप्टेंबरच्या आसपास एकावरून दुसऱ्यावर जातात, त्यामुळे हा घोळ अगदी ठरलेल्या वेळी होतो.

रजिस्टर्ड व्होटर तुम्हाला माहितीच आहे, ज्याचं नाव मतदारयादीत आहे तो. तिथे यादी राज्याराज्याची वेगळी असते, नॉर्थ डकोटात तर नोंदणीच नाही, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये मतदानाच्या दिवशीही नाव घालता येतं. एवढं पुरे. कामाचा मुद्दा इतकाच की नाव आहे की नाही हे यादी काढून बघता येतं.

आता लाइकली व्होटर, म्हणजे जो मतदानाला जाण्याची शक्यता आहे तो. अशी कुठलीही यादी जगात नाही. कोण मतदानाला जाईल हा पोल घेणाऱ्या संस्थेचा अंदाज असतो, आणि छापलेला "लाइकली व्होटर" आकडा म्हणजे लोकांची उत्तरं अधिक तो अंदाज. लोक अडखळतात ते नेमकं इथे, कारण दोन्ही शब्द शेजारी शेजारी छापले की दोन्ही सारखेच पक्के वाटतात.

समजा 1000 रजिस्टर्ड लोकांना विचारलं. 500 म्हणाले अ ला देणार, 460 म्हणाले ब ला, 40 चं ठरलेलं नाही. म्हणजे अ 4 टक्क्यांनी पुढे. पण अ चे समर्थक तरुण, घर बदलत राहणारे, त्यांच्यातले 60 टक्केच जातील असं धरलं तर 300 मतं. ब चे वयस्कर, दर वेळी जाणारे, 70 टक्के जातील असं धरलं तर 322. न ठरलेल्यांतले 20 धरा. एकूण 642, त्यात अ 47 टक्के, ब 50. ब 3 टक्क्यांनी पुढे! आणि एकाही माणसानं मत बदललेलं नाही. सगळा खेळ त्या 60 आणि 70 चा, आणि ते दोन आकडे कुणीतरी ऑफिसात बसून ठरवलेले.

बरं ठरवतात कसं? नुसतं "जाणार का" विचारून भागत नाही, कारण जाणार म्हणून सांगणारे पुष्कळ जण प्रत्यक्षात जात नाहीत. गॅलप ही पोल घेणारी अमेरिकन संस्था, तिची जुनी पद्धत सात प्रश्नांची होती. निवडणुकीचा किती विचार केलात, मागच्या वेळी मत दिलं होतं का, आणि एक मला फार आवडणारा प्रश्न, तुमच्या भागातले लोक मत द्यायला कुठे जातात ते माहितेय का. ज्याला केंद्र माहीत नाही तो जाण्याची शक्यता कमी, सरळ हिशोब. मग गुणांप्रमाणे रांग लावायची, मतदान किती होईल त्याचा अंदाज करायचा आणि तेवढे वरचे लोक ठेवून बाकीचे बाद. म्हणजे रेषेच्या जरा खाली असलेला माणूस शून्य. मला ही पद्धत अजिबात पटत नाही. कारण कधीमधी मतदान करणारे लाखो लोक शेवटी जातातच. त्यापेक्षा प्रत्येकाला त्याच्या शक्यतेएवढं वजन द्यावं, याचे 90 टक्के तर त्याचे 35, आणि त्यासाठी तोंडी उत्तराबरोबर व्होटर फाइल वापरावी. कोण कुठल्या निवडणुकीत मतदानाला गेला होता हे त्या फाइलमध्ये असतं (मत कुणाला दिलं ते अर्थातच नसतं).

2012 मध्ये गॅलपच्या शेवटच्या पोलमध्ये रजिस्टर्डमध्ये ओबामा 49-46 ने पुढे होते आणि लाइकलीमध्ये त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी रॉम्नी 49-48 ने. ओबामा जवळपास 4 टक्क्यांनी जिंकले. नंतर 2013 मध्ये गॅलपनं स्वतःच तपासणी केली, त्यात निघालेल्या कारणांमध्ये लाइकली व्होटर ठरवण्याची पद्धत होती.

त्याहून डोळे उघडणारं उदाहरण 2016 चं फ्लोरिडा. न्यूयॉर्क टाइम्सनं सिएना कॉलेजबरोबर 867 जणांचा पोल घेतला आणि तोच कच्चा डेटा आणखी चार अनुभवी गटांना दिला. तीच माणसं, तीच उत्तरं. टाइम्सचा स्वतःचा आकडा क्लिंटन 1 ने पुढे, बाकीच्यांचे क्लिंटन 4 ने पुढे इथपासून ट्रम्प 1 ने पुढे इथपर्यंत. कुणी लोकांच्या शब्दावर विश्वास ठेवला, कुणी जुन्या मतदानाच्या नोंदीवर, कुणी दोन्ही मिसळलं, आणि सॅम्पलला वजन देण्याची पद्धतही प्रत्येकाची वेगळी. पाच टक्क्यांचा फरक, आणि त्यात मार्जिन ऑफ एररचा काहीच संबंध नाही! ते मार्जिन फक्त सॅम्पल लहान असल्यामुळे होणारी चूक सांगतं, कोण जाईल हा अंदाज चुकला तर त्याची त्यात नोंदच नसते. तरी लोक "मार्जिनच्या बाहेर आहे म्हणजे नक्की" म्हणून ठणकावून सांगतात तेव्हा खरंच चिडचिड होते.

अजून एक, "लाइकलीवर गेलं की रिपब्लिकन वाढतात" हा नियम आता विसरा. पूर्वी बहुतेक वेळा तसं व्हायचं, पण ट्रम्पच्या काळात नियमित मतदान करणारा जास्त शिकलेला वर्ग डेमोक्रॅट्सकडे सरकला आणि क्वचित जाणाऱ्यांत ट्रम्पचे बरेच निघाले, त्यामुळे कधीकधी फरक उलटाही पडतो. शिवाय अध्यक्षीय वर्ष आहे की मधलं (अध्यक्षाची निवडणूक नसलेलं, 2014 किंवा 2018 सारखं) ते बघा. हक्क असलेल्यांपैकी 2014 मध्ये जेमतेम 36-37 टक्क्यांनी मतदान केलं, 2018 मध्ये साधारण 50, 2020 मध्ये 66 च्या आसपास. 2014 वर बेतलेला अंदाज 2018 ला लावला असता तर काय झालं असतं ते दिसतंच आहे.

मी स्वतः उन्हाळ्यात रजिस्टर्डचाच आकडा धरते, जूनमध्ये नोव्हेंबरला कोण जाईल हे विचारण्यात फारसा अर्थ नसतो. ऑक्टोबरपासून लाइकली, पण एकाच पोलमधले दोन्ही आकडे शेजारी ठेवून. काही संस्था दोन्ही छापतात, त्यांना मी जास्त मानते. आणि आघाडी वाढली की घटली हे बघायचं असेल तर रजिस्टर्डची तुलना मागच्या रजिस्टर्डशी, लाइकलीची मागच्या लाइकलीशी. मागचा लाइकली नसेलच, तर "घसरली" लिहायचं नाही.