गिरणगावचं मत: गेटवर एक झेंडा, चाळीत दुसरा

गिरणगावच्या, म्हणजे लालबाग-परळच्या, कामगारांनी कम्युनिस्टांचा लाल बावटा सोडून शिवसेनेचा भगवा धरला, असं सरसकट म्हटलं जातं. हे अर्धंच खरं आहे. गिरणी कामगाराने युनियन आणि मत ही दोन खाती बहुतेक वेळा वेगळीच ठेवली.

1928 च्या सार्वत्रिक संपातून कम्युनिस्ट पुढारी श्रीपाद अमृत डांग्यांची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. त्याच संपात डॉ. आंबेडकरांनी एक अडचणीचा प्रश्न विचारला. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, जास्त मजुरी मिळे, पण धोट्यातला (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातला) धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. बाट होईल म्हणून तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कामगार एकजुटीच्या गप्पा तिथे थांबत. पुढे 7 नोव्हेंबर 1938 ला, औद्योगिक तंटा विधेयकाविरुद्ध, आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपावर गेले खरे, पण ही युती टिकली नाही.

खरी गाठ पडली ती 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने. एका उद्योगात एकाच युनियनला मान्यता, आणि ती गेली काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. मालकाशी बोलणार संघ, कामगार ऐकणार लाल बावट्याचं. वर्गणी, करार, बोनस एकीकडे आणि मन दुसरीकडे, असा हा संसार चाळीस वर्षं चालला. गेटवर तोंड बंद झाल्यावर राग मतपेटीत जाणारच. 1957 ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत डांगे मुंबईतून लोकसभेत गेले. ते मत मजुरीइतकंच भाषेचंही होतं, हे डाव्यांनी पुरेसं ओळखलं नाही, असं मला वाटतं.

शिवसेनेने नेमकं तेच ओळखलं. 1966 ला स्थापन झालेल्या सेनेच्या शाखा चाळीचाळीत उघडल्या. नोकरी, नळ, भांडणतंटा, सगळं तिथे. जून 1970 मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या होत्या. वामनराव महाडिक थोडक्या मतांनी जिंकले आणि सेनेचे पहिले आमदार झाले.

तरीही बोनसचा प्रश्न पेटला तेव्हा कामगार शिवसेनेच्या युनियनकडे वळला नाही. तो घाटकोपरचे कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेला. 18 जानेवारी 1982 पासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर होते, आणि 1946 चा तो कायदा रद्द करा ही मोठी मागणी होती. सरकार बधलं नाही. संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. तो विरत गेला. पण गंमत बघा, 1984 च्या अखेरीस देशभर काँग्रेसची लाट असताना दक्षिण मध्य मुंबईने याच हरलेल्या संपाच्या पुढाऱ्याला लोकसभेत पाठवलं. आणि काही महिन्यांतच, 1985 ला, महापालिका शिवसेनेच्या हाती गेली. त्याच वस्त्या, बरेचसे तेच मतदार.

पुढे गिरण्याच मिटल्या. 1991 च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा म्हाडाच्या घरांसाठी, एक तृतीयांश पालिकेसाठी ठरला होता. 2001 च्या बदलाने ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली आणि मालकांची चांदी झाली. कामगार डोंबिवली-विरारला किंवा कोकणात गावी पांगला. 2012 पासून घरांच्या सोडती निघाल्या, त्यांत आता अर्जदार म्हणून वारसच जास्त. निवडणूक आली की सगळ्याच पक्षांच्या जाहीरनाम्यात गिरणी कामगारांची घरं असतात. युनियनचं नाव मात्र कुणी काढत नाही.