टाळ आणि तीस मिलिसेकंद

२०२० च्या आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. सोबत मोजके वारकरी. बाकीचे लाखो घरात. त्या दिवसांत ज्या भजनी मंडळांनी व्हिडिओ कॉलवर हरिपाठ करून पाहिला, त्यांना तो घोळ आठवत असेल. एकाचा टाळ पुढे, दुसऱ्याचा मागे, मृदंग तिसरीकडेच. सगळ्यांनी नेटवर्कला शिव्या घातल्या. पण नेटवर्क चांगलं असतं तरी टाळ जुळलेच नसते.

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दिंडीत दहा मीटर पुढे चालणाऱ्याचा टाळ आपल्या कानी पडायला साधारण ३० मिलिसेकंद लागतात. एवढा उशीर चालून जातो. त्याहून फार वाढला की जो तो दुसऱ्यासाठी थांबू लागतो आणि लय रेंगाळते. व्हिडिओ कॉलमध्ये आवाजाचे तुकडे पडतात, ते सर्व्हरमार्गे येतात, पुन्हा जोडले जातात. यात सहज १०० मिलिसेकंदांच्या वर जातात. म्हणजे पडद्यावर नाकासमोर दिसणारा टाळकरी कानाच्या हिशेबानं तीस-पस्तीस मीटर लांब उभा! त्यात ही ॲप्स संभाषणासाठी बनवलेली. सततचा टाळ त्यांना गोंगाट वाटतो आणि ती तो दाबून टाकतात. शेवटी उपाय एकच उरला: बुवांनी गायचं, बाकीच्यांनी म्यूट.

लय गेली म्हणून एवढं काय बिघडलं? ऑक्सफर्डमधल्या वल्हेकऱ्यांवरचा २०१० सालचा एक प्रयोग सांगतो की तेवढाच व्यायाम एकट्यानं करण्यापेक्षा सगळ्यांनी एका तालात केला, तर नंतर वेदना जास्त सोसता येते. शरीरात एंडॉर्फिन हे वेदना कमी करणारं रसायन वाढल्याची ती खूण मानतात. (प्रयोगात जेमतेम बारा जण होते, हेही ध्यानात ठेवावं.) स्वीडनमध्ये एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके सोबत वाढताना-उतरताना दिसले, कारण ओळ संपली की सगळे एकदमच श्वास घेतात. हरिपाठात आपण वेगळं काय करतो?

आणि नेमका तो श्वासच त्या वर्षी घातक ठरला. १० मार्च २०२० ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाच्या तालमीला ६१ जण जमले. त्यांतल्या ५३ जणांना कोरोना झाल्याचं निष्पन्न झालं किंवा तसा दाट संशय होता. दोघे दगावले.

माणसांची ओढ ही नुसती म्हणायची गोष्ट नाही. एमआयटीच्या संशोधकांनी ४० जणांना दहा तास एकटं ठेवलं, फोनसुद्धा दिला नाही. नंतर माणसांच्या गप्पागोष्टींचे फोटो दाखवले, तेव्हा मेंदूच्या मध्यभागातली तीच जागा जागी झाली, जी उपाशीपोटी जेवणाचे फोटो पाहून होते.

मग घरबसल्या काय हाती उरतं? कृतज्ञतेची वही लिहा, असा सल्ला तेव्हा सगळीकडे मिळत होता. त्याला २००३ च्या एका गाजलेल्या अभ्यासाचा आधार आहे, पण पुढच्या तपासण्यांत परिणाम लहानच निघाला. मला वहीत लिहिण्यापेक्षा फोन करून आभार मानणं बरं वाटतं. २०१८ च्या एका अभ्यासात लोकांनी आभाराची पत्रं लिहिली. वाचणाऱ्याला किती आनंद होईल याचा त्यांचा अंदाज कमी पडला. उलट त्याला अवघडल्यासारखं होईल, ही धास्ती जास्त होती. वारकऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. समोर येईल त्याला माउली म्हणून ते वाकतात, आधी अंदाज बांधत बसत नाहीत.

म्यूट केलेल्या त्या भजनात टाळ मात्र घरोघरी वाजतच होते. ऐकू येत होते ते फक्त शेजाऱ्यांना.