पार्श्वभूमी : पेट्रोलवरचं मोठं आरसी विमान

आरसी, म्हणजे रेडिओने जमिनीवरून चालवायच्या, मॉडेल विमानात पेट्रोल इंजिन बसवणं ही अलीकडची टूम वाटते, पण खरं तर सुरुवातच तिथून झाली. १९३३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत मॅक्सवेल बॅसेट या तरुणाने रबराच्या पिळावर उडणाऱ्या विमानांना पार मागे टाकलं, ते बिल ब्राउनने बनवलेल्या छोट्या पेट्रोल इंजिनाच्या जोरावर. ‘ब्राउन ज्युनिअर’ नावाने पुढे विकलं गेलेलं हे इंजिन होतं सुमारे १० सीसीचं, टू-स्ट्रोक, ठिणगीवर चालणारं. इंजिन मुठीत मावेल एवढं, पण सोबत ठिणगीसाठी कॉइल, कंडेन्सर आणि ड्राय सेलचं लटांबर. त्यात रेडिओ आला तेव्हा व्हॅक्यूम ट्यूब आणि त्यांच्या बॅटऱ्यांचीही भर पडली. वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांच्या ‘गफ’ विमानाचे पंख ८ फुटी होते ते हौसेखातर नव्हे; एवढं वजन उचलायला तेवढे लागायचेच. १९३८ पासून सलग तीन वर्षं राष्ट्रीय स्पर्धा जिंकलेलं हे विमान आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

१९४७ मध्ये रे आर्डेनचा, ठिणगीऐवजी तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा ग्लो प्लग आला आणि हे सगळं ओझं उतरलं. प्लॅटिनमची तार चालू करताना दीड व्होल्टवर तापवायची. मग इंधनातल्या मेथेनॉलच्या वाफेशी होणाऱ्या क्रियेमुळे ती आपोआप लाल राहते. कॉइल गेली, कंडेन्सर गेला, विमानं लहान झाली. आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगमध्ये कंट्रोल लाइनवर, म्हणजे तारा हातात धरून गोल फिरवायच्या विमानांवर, हात बसवलेल्यांना ईथर, रॉकेल आणि एरंडेलावर चालणारी छोटी डिझेल इंजिनंही आठवत असतील. पेट्रोल मात्र तीसेक वर्षं बाजूला पडलं.

ते परत आलं खर्चापायी. मेथेनॉलला साडेसहा भाग हवेमागे एक भाग इंधन लागतं, पेट्रोलला चौदा-पंधरा भागांमागे एक. इंजिन १० सीसीचं असेतो हा फरक चालून जातो. ३० किंवा ५० सीसीला मेथेनॉल पाजणं म्हणजे टाकीला भोक पाडण्यासारखं. शिवाय महाराष्ट्रात मेथेनॉल विषारी द्रव्यांच्या नियमांत अडकलेलं, पेट्रोल मात्र कोपऱ्यावरच्या पंपावर. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ३५ सीसीचं ‘क्वाड्रा’ इंजिन आलं, त्यामागून जपानी ‘झेनोआ’. यांचा वंश लाकूड कापायच्या चेनसॉचा आणि गवत कापायच्या यंत्रांचा. आजच्या जोडणीतल्या निम्म्याअधिक खबरदाऱ्या याच वंशातून आल्या आहेत.

सगळ्यांत मोठी देणगी कार्बोरेटरची. चेनसॉ आडवा, उभा, उलटा कसाही धरला तरी चालला पाहिजे, म्हणून त्यात पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता फ्लोट नसतो. क्रॅंककेसमधल्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातल्या, दाबाच्या ठोक्यांवर एक पडदा पंपासारखा हलतो आणि दुसरा पडदा पेट्रोल मोजून देतो. विमानाला हे आयतंच मिळालं. पण मोजणाऱ्या पडद्याच्या झाकणाला एक बारीक भोक असतं, बाहेरच्या हवेचा दाब घेण्यासाठी. काउलमध्ये (इंजिनावरच्या आवरणात) शिरणारा वारा त्या भोकावर आदळला की मिश्रण बदलतं, आणि जमिनीवर घड्याळासारखं चालणारं इंजिन हवेत गुदमरतं. नवखा माणूस मग नीडल, म्हणजे मिश्रण ठरवणारा स्क्रू, पिळत बसतो. खरा इलाज म्हणजे भोकावर छोटी पितळी नळी डाखवून तिला जोडलेलं ट्यूब फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) आत, शांत हवेत नेणं.

ट्यूबिंगची गोष्टही अशीच. ग्लोच्या काळापासून सिलिकॉन ट्यूब वापरायची सवय होती. पेट्रोलमध्ये ती फुगते आणि टाकीतल्या क्लंकवरून (पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या टोकाच्या वजनावरून) निसटते. टायगॉन किंवा व्हायटॉनचीच हवी, टाकीचं बूचही पेट्रोलला टिकणारं. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने आणखी एक काम वाढवलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि पडदे कडक करतं. म्हणून पावसाळ्यात विमान टांगून ठेवण्याआधी टाकी रिकामी करून, कार्बोरेटर कोरडा पडेपर्यंत इंजिन चालवून ठेवतात. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचं हे चेतक आणि लुनाच्या पुण्याला सांगायला नको, पण स्कूटरचं ५०:१ इथे चालत नाही. या इंजिनांना ३०:१ ते ४०:१, म्हणजे लिटरला ३३ ते २५ मिली टू-टी ऑईल लागतं.

दुसरा वारसा थरथरीचा. एका सिलिंडरच्या ५० सीसीने फायरवॉल, म्हणजे इंजिन जिच्यावर बसतं ती पुढची भिंत, सुटून आल्याची उदाहरणं कमी नाहीत, त्यामुळे ६ मिमी बर्च प्लायला आतून तिकोनी पट्ट्या आणि लाकडी खुंट्या इपॉक्सीने चिकटवतात. धातूत धातू जिथे बसतो तिथे आटे धरून ठेवणारा थ्रेडलॉक. लाकडी प्रॉपेलर (५० सीसीला साधारण २२×८ किंवा २३×८, म्हणजे इंचांत व्यास आणि पिच) बोल्टांखाली दबतो. पहिल्या चालवणीनंतर बोल्ट पुन्हा आवळले नाहीत तर ढिले पडतात.

ठिणगी परत आली तशी रेडिओतली खरखरही परत आली. ३५ आणि ७२ मेगाहर्ट्‌झच्या काळात तिने बरीच विमानं खाली आणली. २.४ गिगाहर्ट्‌झने बरंचसं निभावलं, पण इग्निशन आणि रिसीव्हर यांच्यात फूटभर अंतर, इग्निशनला वेगळी बॅटरी आणि थ्रॉटलला नायलॉनची पुशरॉड (सर्व्होपासून येणारी दांडी) ही शिस्त टिकून आहे, कारण धातूची पुशरॉड ती खरखर थेट आत नेते. इंजिन बंद करणारा किल स्विच ट्रान्समीटरवरून चालणारा हवाच; फेलसेफला, म्हणजे सिग्नल तुटला की, इग्निशन बंद झालं पाहिजे.

पुण्यात आणखी एक हिशेब लागतो. शहर सुमारे ५६० मीटर उंचीवर; मे महिन्यात ३८ अंशांच्या दुपारी हवा प्रमाणित समुद्रसपाटीपेक्षा जवळपास १३ टक्के विरळ असते. ताकद घटते, धाव लांबते, उतरण्याचा वेग वाढतो. समुद्रकाठच्या मैदानावर लावलेली नीडल इथे रिच पडते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातं. पहिलं उड्डाण सकाळीच करावं.

त्याआधी सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य, माहितीपुस्तिकेतल्या मर्यादेच्या पुढच्या बाजूला, मागे नाही. रेंज चेक, म्हणजे रेडिओचा पल्ला तपासणं, दोनदा, इंजिन बंद असताना आणि चालू असताना. दोन निकालांत फरक आला तर दोष इग्निशनच्या बाजूला. हाय नीडल (फुल थ्रॉटलची) कमाल आरपीएमपासून थोडी रिचकडे, मग नाक वर धरून अर्धा मिनिट फुल थ्रॉटल. थ्रॉटल हळूहळू वाढवत, रडरने रेषा सांभाळत वाऱ्याच्या तोंडावर सोडायचं. उंचीवर ट्रिम, तिथेच एकदा स्टॉल, म्हणजे वेग कमी करत पंखांची उचल सुटेपर्यंत नेणं, करून बघायचं, आणि पाच-सहा मिनिटांत खाली. चढताना इंजिन बंद पडलं तर धावपट्टीकडे वळायचा मोह आवरावा. ७-८ किलोचं विमान कमी वेगात त्या वळणातच एका पंखावर कलंडतं. समोर दिसेल त्या शेतात उतरवलेलं परवडतं.

लोहगावचा हवाई दलाचा तळ आणि त्यालाच जोडलेला विमानतळ यांमुळे पुण्यात मैदान शोधणं हेच अवघड काम. २०२१ च्या ड्रोन नियमांत हौशी मॉडेल विमानाला २५ किलोची मर्यादा आहे, टाइप सर्टिफिकेटची (मॉडेलच्या सरकारी मान्यतेची) सक्ती नाही, पण विमान नजरेच्या टप्प्यात ठेवावं लागतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यातल्या हिरव्या क्षेत्रात मर्यादा २०० फुटांची, त्यापलीकडे ४००. स्टॉल करून बघायला २०० फूट अपुरे, त्यामुळे पहिल्या उड्डाणासाठी बारा किलोमीटरच्या पलीकडचंच मैदान शोधावं, आणि निघण्याआधी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा हवाई क्षेत्राचा नकाशा पाहावा.