गाडी पळते, पण पंप उपाशी आहे

अमेरिकेत १९९८च्या मध्यापासून २००२पर्यंत बनलेले डॉज रॅम पिकअप आजही घोड्यांचे, गवताच्या गठ्ठ्यांचे ट्रेलर ओढताना दिसतात. बॉनेटखाली कमिन्सचं ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरांचं, २४ व्हॉल्व्हचं इंजिन. लोखंडाचा हा ठोकळा लाखो किलोमीटर धावतो. त्याच्या कडेला बसलेला बॉशचा व्हीपी-४४ हा इंजेक्शन पंप मात्र त्या मानाने नाजूक आहे, आणि तो बदलायचा तर हजार डॉलरच्या पुढे खर्च येतो. गंमत अशी की तो बिघडतो तेव्हा बऱ्याचदा मूळ दोष त्याचा नसतोच. त्याला डिझेल पुरवणारा एक छोटा, स्वस्त विजेचा पंप आधीच थकलेला असतो. त्याला लिफ्ट पंप म्हणतात. आपले मेकॅनिक फीड पंप म्हणतील.

व्हीपी-४४ डिझेलला प्रचंड दाबाने नोझलकडे ढकलतो. पण त्याच्या तोंडाशी डिझेल येताना लागणारा दाब अगदीच किरकोळ आहे. इंजिन चालू असताना तो १० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला १० पौंडांच्या) खाली जाऊ नये, असं मानलं जातं. १० पीएसआय म्हणजे ७ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. दुमजली घराच्या गच्चीवर टाकी असेल तर तळमजल्याच्या नळाला साधारण एवढाच दाब मिळतो. एवढ्याशा दाबाचं इतकं महत्त्व का?

कारण व्हीपी-४४ला इंजिन ऑइल मिळत नाही. त्याच्या आधीच्या १२ व्हॉल्व्हच्या कमिन्सवर जो सरळ रांगेतला पंप होता, त्याच्या कॅमशाफ्टला इंजिनच्या ऑइलचं वंगण मिळे. त्याला डिझेल कमी पडलं तर गाडीची ताकद जायची, पंप मरायचा नाही. व्हीपी-४४च्या आत मात्र फिरणाऱ्या सगळ्या भागांचं वंगण डिझेल, आणि त्यांना थंड ठेवणारंही डिझेलच. म्हणून त्याला जळण्यापुरतं देऊन भागत नाही. पूर्ण ताकदीने ओढतानाही हे इंजिन तासाला साधारण ४५ लिटर जाळतं. लिफ्ट पंपाकडून मात्र कंपनीच्या चाचणीत ३० सेकंदांत सव्वा लिटरहून थोडं जास्त, म्हणजे तासाला १६० लिटरच्या आसपास, डिझेलची अपेक्षा असते. हे जास्तीचं डिझेल पंपातून फिरून, उष्णता घेऊन टाकीत परत जावं अशी योजना आहे. परतीच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह उघडतो तो दाबानेच. पुरवठ्याचा दाब पडला की तो नीट उघडत नाही आणि थंडावा देणारा हा फेरा मंदावतो. गाडी मात्र पळत राहते, कारण जाळायला लागेल तेवढं डिझेल अजून मिळत असतं. या मॉडेलच्या डॅशबोर्डवर या दाबाचा काटा नाही, दिवाही नाही. गाडीच्या संगणकात पी-०२१६ हा बिघाडाचा कोड उमटतो, म्हणजे इंजेक्शनचं टायमिंग संगणकाने मागितलं तसं होत नाही, तेव्हा आत झीज होऊन गेलेली असते.

म्हणून शहाणे मालक आधी दाब मोजणारं गेज लावतात. आणि इथेच पहिली चूक होते. गेज कुठे लावलं, यावर आकड्याचा अर्थ ठरतो.

पंप दाब निर्माण करतो असं आपण सहज म्हणतो, पण ते अर्धंच खरं आहे. पंप प्रवाह ढकलतो. त्या प्रवाहाला पुढे अडथळा झाला की दाब दिसतो. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा धरा, नळीत दाब लगेच वाढतो, पण झाडाला पाणी जास्त मिळत नाही. आता समजा, फिल्टर घाणीने चोंदला आहे आणि गेज फिल्टरच्या अलीकडे लावलंय. काटा मस्त १५ दाखवेल, मालक खूश होईल, आणि फिल्टरच्या पलीकडे व्हीपी-४४ कोरडा पडत असेल. म्हणून खरा आकडा व्हीपी-४४च्या तोंडाशी घ्यायचा. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना मोजून ५ पीएसआयपेक्षा जास्त फरक आला तर पंपाला दोष न देता फिल्टर बदलायचा.

दुसरी चूक वेळेची. गाडी उभी, इंजिन निवांत, काटा १२वर: सगळं ठीक वाटतं. पण हा प्रकार रात्री दोन वाजता घरचा नळ सोडून पाण्याचा जोर बघण्यासारखा आहे. सकाळी सातला इमारतीतल्या सगळ्या न्हाण्या चालू झाल्या की खरं कळतं. प्रवाह वाढला की पाइप, वळणं आणि पोकळ बोल्ट यांच्यात वाया जाणारा दाब सरळ प्रमाणात वाढत नाही. खळाळत्या प्रवाहात तो साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाह दुप्पट, तर नुकसान जवळजवळ चौपट. या गाड्यांच्या इंधनवाटेवर असे पोकळ बोल्ट, म्हणजे बॅन्जो बोल्ट आहेत, अरुंद भोकांचे. आयडलिंगला ते त्रास देत नाहीत, चढावर गळा धरतात. तेव्हा गेजची नळी बॉनेटखालून बाहेर काढायची, गेज काचेच्या बाहेरून टेपने चिकटवायचं, मागे ट्रेलर जोडायचा आणि चढ गाठायचा. डिझेलने भरलेली नळी केबिनच्या आत कधीच आणायची नाही. गेजच्या आधी सुईसारखा एक छोटा व्हॉल्व्ह बसवून तो जेमतेम उघडा ठेवावा. व्हीपी-४४च्या तोंडाशी डिझेलला सतत धक्के बसतात. हा व्हॉल्व्ह नसेल तर काटा भिंगरीसारखा थरथरतो आणि महागडं गेजही दोन दिवसांत आटोपतं.

समजा, चढावर काटा १०च्या खाली आला. म्हणजे लिफ्ट पंप गेला? अजून नाही.

मला या सगळ्या तपासात सगळ्यात आवडतो तो पंपाच्या मागचा, टाकीकडचा भाग. विहिरीवर मोटर बसवलेल्या कुणालाही तो पटकन समजेल. पंप पाणी ‘ओढत’ नाही. तो आपल्या तोंडाशी दाब कमी करतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हवेचा हा जोर पाण्याच्या १० मीटरांच्या जरा पुढे संपतो. टोरिचेल्लीने १६४३ मध्ये पाऱ्याच्या नळीवरून तो मोजायची वाट दाखवली. प्रत्यक्षात विहिरीवरचा पंप त्याच्याही बराच अलीकडे हात टेकतो. रॅममध्ये हा लिफ्ट पंप इंजिनच्या अंगाला, टाकीपासून लांब बसवला होता: उष्णता, हादरे, आणि वर लांबून ओढण्याचं काम. असे छोटे विजेचे पंप ढकलण्यात तरबेज असतात, ओढण्यात कच्चे. माझ्या मते खरी गफलत या जागेच्या निवडीतच होती. पुढे या गाड्यांसाठी टाकीच्या आत बसणारा पंप दिला गेला, यावरून तेच दिसतं.

ओढीच्या बाजूला गळती असेल तर ती दिसत नाही, कारण तिथे डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत शिरते. जमीन कोरडी, आणि काटा मात्र डळमळतो. गाडी रात्रभर उभी राहिली की नळीतलं डिझेल टाकीत उतरतं आणि सकाळी स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो. पाइपच्या तळाचा, पाणी मागे जाऊ न देणारा फूट व्हॉल्व्ह गळका असला की विहिरीवरच्या पंपात सकाळी पाणी घालावं लागतं, तसंच हे. पंप हवा धरतो, म्हणतो ना आपण. पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. जुनी रबरी नळी, टाकीवरच्या जोडातली कडक झालेली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, हे नेहमीचे चोर.

हवा नाही, पण वाट तुंबली असेल तर? मग पंपाच्या मागे व्हॅक्यूम गेज लावायचं. पाऱ्याच्या ६ इंचांपेक्षा, म्हणजे पाण्याच्या जेमतेम २ मीटरांपेक्षा, जास्त ओढ दिसली तर टाकीतली जाळी किंवा चेपलेला पाइप शोधायचा. याहून सोपा उपाय म्हणजे कॅन. स्वच्छ डिझेलचा कॅन पंपाशेजारी ठेवून आखूड नळीने पंपाला थेट जोडायचा. काटा वर आला तर दोष टाकीकडे. नाही आला तर पंपाकडे, किंवा परतीच्या त्या व्हॉल्व्हकडे, जो कचरा अडकून उघडाच राहिला तर पंप धडधाकट असूनही दाब धरत नाही.

पंपाला दोषी ठरवण्याआधी त्याची वीजही बघायची. चावी फिरवल्यावर हा पंप फक्त दोनेक सेकंद चालतो, त्यात मीटर धरणं कठीण. पण इंजिन सुरू होऊ न देता स्टार्टरला निमिषभर टिचकी दिली की तो साधारण २५ सेकंद चालतो. तेवढ्यात त्याच्या प्लगवर व्होल्टेज मोजायचं, आणि तेही तार काढून नव्हे, पंपावर भार असताना. गंजलेली पिन रिकामी असताना १२ व्होल्ट इमानाने दाखवते आणि करंट वाहू लागला की दोन व्होल्ट गिळून टाकते.

हे सगळं न करता थेट नवा व्हीपी-४४ बसवणारे कमी नाहीत. जुना लिफ्ट पंप तसाच राहिला की नवाही त्याच वाटेने जातो. म्हणून कोणताही नवा पंप बसवल्यावरही गेज लगेच काढू नये. तोच ट्रेलर, तोच चढ. काटा १३वरून सरकत ११वर यावा आणि माथा येईपर्यंत तिथेच राहावा. राहिला, की काचेवरची टेप काढायला हरकत नाही.