यूश्यांग वांगी घरी करताना: आमच्या तीन बाटल्यांसोबतचं माहितीपत्रक

या खोक्यात तीन बाटल्या आहेत: लाल दोबानजियांग (मिरचीचा आंबवलेला तिखट मसाला), काळं व्हिनेगर आणि हलका सोया सॉस. या तिघांवर चीनच्या सिचुआन प्रांतातली यूश्यांग वांगी होतात. ग्राहकांचे जे निरोप आम्हाला येतात, त्यांत दोन तक्रारी पुन्हा पुन्हा असतात. एक, वांगी तेलकट झाली. दुसरी, वांग्यांचा लगदा झाला. बाटलीतली चव सांभाळणं आमचं काम आहे, पण वांगं शिजतं तुमच्या कढईत. त्यामुळे या पत्रकात सॉसपेक्षा वांग्याबद्दलच जास्त लिहिलं आहे.

शाकाहारी ग्राहकांसाठी एक खुलासा आधीच करतो. यूश्यांग म्हणजे ‘माशाचा सुवास’; पदार्थाच्या नावात मासा आहे, बाटलीत नाही. सिचुआनमध्ये मिरची, लसूण, आलं, पातीचा कांदा, साखर आणि व्हिनेगर यांच्या ठरावीक मेळाला यूश्यांग म्हणतात, आणि त्या मेळात मांस-मच्छी काहीच येत नाही. तिथल्या खानावळींत या वांग्यांत बऱ्याचदा डुकराच्या मांसाचा थोडा खिमा घालतात, तो वगळला तरी चव अपुरी वाटत नाही. सोया किंवा गहू चालत नसेल त्यांनी मात्र हा संच वापरू नये. सोया सॉसमध्ये दोन्ही आहेत आणि दोबानजियांगमध्ये गव्हाचं पीठ असतं.

वांगं कसं निवडावं

लांब, सडपातळ, पातळ सालीची वांगी घ्या. चीनमध्ये या पदार्थाला तीच वापरतात, कारण त्यांत बिया कमी असतात आणि प्रत्येक कापाला साल राहिल्यामुळे काप मोडत नाहीत. मोठं गोल वांगंच मिळालं तर चालेल, फक्त मधला बियांचा भाग थोडा काढून टाका. आकाराच्या मानाने जड, ताणलेल्या चकचकीत सालीचं आणि हिरव्या देठाचं वांगं कोवळं समजा. बिया तपकिरी पडलेलं वांगं जून असतं. त्याचा कडवटपणा साखरेने झाकता येत नाही.

कोवळ्या वांग्याचा आग्रह काही आमचा नाही. सहाव्या शतकात जिया सस्ये यांनी ‘छीमिन याओशू’ या शेतीविषयक ग्रंथात वांग्याची एक कृती दिली आहे. तीत बी न धरलेलं वांगं घ्यायला सांगितलं आहे. ते बांबूच्या किंवा हाडाच्या सुरीने चार भागांत चिरायचं, कारण लोखंडाने ते काळं पडतं. मग उकळत्या पाण्यातून काढायचं, आणि तेलात कांद्याच्या पातीचा पांढरा भाग खमंग परतून त्यात शिजवायचं. आज स्टीलची सुरी असल्यामुळे काळं पडण्याची भीती कमी झाली, पण वांगं आधी वेगळं शिजवायचं आणि नंतर मसाल्यात घालायचं हा क्रम अजून तोच आहे. आमच्या मते सगळी मेख याच क्रमात आहे.

तेल पितं ते का

वांग्याचा गर म्हणजे स्पंज. पेशींच्या मधे बारीक बारीक हवेच्या जागा असतात आणि कच्च्या फोडी तेलात पडल्या की तेल थेट तिथे शिरतं. कढई कोरडी दिसते, आपण आणखी तेल ओततो, तेही नाहीसं होतं. पुढे गर शिजून खचला की तेच तेल बाहेर येऊन ताटलीत साचतं. उपाय एकच: तेलात जाण्याआधी हा स्पंज मिटवायचा.

घरच्या शेगडीवर आम्हाला मिठाची पद्धत सर्वांत भरवशाची वाटते. 500 ग्रॅम वांग्यांचे बोटभर लांब, बोटाएवढे जाड काप करा. त्यांना एक चहाचा चमचा मीठ चोळून 20 मिनिटं ठेवा. मीठ पेशींतलं पाणी ओढून घेतं आणि गर बसायला लागतो. मग पाण्यातून एकदा काढा, मुठीने हलकेच पिळा आणि कापडावर कोरडे करा. पाण्यातून काढणं टाळू नका, कारण दोबानजियांग मुळातच खारट असतं. कोरड्या कापांवर दोन मोठे चमचे कॉर्नफ्लॉर भुरभुरून वर-खाली करा. कढईत तीन मोठे चमचे तेल चांगलं तापवून काप दोन किंवा तीन घाण्यांत परता. सगळे एकदम घातले तर तेल निवतं, काप तळले न जाता वाफेवर शिजतात, आणि मग लगदा ठरलेलाच. कडा सोनेरी आल्या आणि मधे बोट दाबल्यावर मऊ लागलं की बाहेर काढा.

खानावळीत हेच काप भरपूर तेलात, 180 ते 190 अंशांना दोन-एक मिनिटं तळतात. याचा खरा फायदा रंगात दिसतो. सालीचा जांभळा रंग पाण्यात विरघळणारा आहे, त्यामुळे वांगं उकडलं की तो उतरतो आणि साल मातकट होते. कडक तेलात तो बराचसा टिकतो. पाहुण्यांसाठी करत असाल तर तळाच. रोजच्या जेवणाला एवढं तेल आम्ही तरी सुचवणार नाही.

आता बाटल्या उघडा

लाल बाटलीतलं दोबानजियांग फावा बीन म्हणजे बाकल्याचे दाणे आणि मिरच्या मिठात आंबवून होतं. यासाठी नावाजलेलं ठिकाण म्हणजे चेंगडू शहराजवळचं पिश्यान. तिथे मातीच्या मोठ्या रांजणांत हे मिश्रण उघड्यावर मुरवतात. दिवसा ऊन देतात, रात्री दव पडू देतात, पाऊस आला की झाकतात आणि अधूनमधून ढवळत राहतात. चांगला माल वर्षभर आणि त्याहून जास्तही मुरतो. जितका जुना तितका काळपट, म्हणून बाटलीतला रंग भडक लाल नसेल तर माल खराब आहे असं समजू नका.

कच्चं दोबानजियांग कधीही वरून घालू नका. एक मोठा चमचा बारीक ठेचून, दोन चमचे तेलात मध्यम आचेवर परता. मिरचीचा रंग आणि वास तेलात उतरायला मिनिटभर लागतो. तेल लालभडक दिसलं की ते तयार. आच मोठी असेल तर ते करपून कडू होतं आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. लगेच चार पाकळ्या लसूण, तेवढंच आलं आणि दोन काड्या पातीच्या कांद्याचा पांढरा भाग, सगळं बारीक चिरून घाला. वास सुटेपर्यंतच परता.

रस आधीच वाटीत कालवून ठेवलेला हवा, कारण इथून पुढे सगळं दोन मिनिटांत उरकतं. एक मोठा चमचा सोया सॉस, एक मोठा चमचा काळं व्हिनेगर, एक मोठा चमचा साखर, एक चहाचा चमचा कॉर्नफ्लॉर आणि अर्धी वाटी पाणी. साखर कमी करण्याचा मोह अनेकांना होतो. करून पाहा, पण मग आंबट आणि तिखट यांना बांधणारं काही उरत नाही. कॉर्नफ्लॉर तळाशी बसतं, म्हणून ओतण्यापूर्वी वाटी पुन्हा ढवळा. रस उकळून चकचकीत झाला की वांगी घाला, दोन-तीनदा हलक्या हाताने वर-खाली करा, वरून अर्धा चहाचा चमचा व्हिनेगर आणि हिरवी पात टाका आणि गॅस बंद करा. व्हिनेगरचा सुवास उडून जाणारा असतो, शेवटचा अर्धा चमचा त्याच्यासाठीच राखायचा. रस उगाच उकळत ठेवला तर आंबटाने कॉर्नफ्लॉरचा दाटपणा सुटतो आणि तो पुन्हा पातळ होतो.

काळं व्हिनेगर चिकट तांदळापासून बनतं. ज्यांगसू प्रांतातलं झनज्यांग शहर त्यासाठी प्रसिद्ध आहे. बाटली संपली तर पांढरं व्हिनेगर वापरता येईल, पण ते जास्त टोकदार असतं, निम्म्यापासून सुरुवात करा.

तिखट नको असलेल्यांसाठी आणि तेल कमी खाणाऱ्यांसाठी याच खोक्यातल्या दोन बाटल्या पुरतात. अख्खी वांगी 12 ते 15 मिनिटं वाफवा, निवल्यावर हाताने लांब पट्ट्या काढा, सुटलेलं पाणी टाकून द्या. ठेचलेला लसूण, सोया सॉस, काळं व्हिनेगर आणि थोडं तिळाचं तेल एकत्र करून वर घाला. साल मातकट दिसेल, चवीला काही कमी नाही.

दोबानजियांगची बाटली उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि चमचा नेहमी कोरडा वापरा. वर तेलाचा थर ठेवल्यास हवेचा संपर्क कमी होतो. सोया सॉसही फ्रिजमध्येच बरा. व्हिनेगर बाहेर, अंधाऱ्या कपाटात ठेवलं तरी चालतं. उरलेली यूश्यांग वांगी दुसऱ्या दिवशी गरम करताना रस घट्ट वाटला तर दोन चमचे पाणी घाला.